तारादेल्यास, झूझेप
(१९ जानेवारी १८९९–१० जून १९८८). स्पेनमधील कॅटालोनिया या प्रदेशाचा प्रजासत्ताकवादी नेता आणि जेनरालितात या तेथील स्वायत्त शासनसंस्थेचा अध्यक्ष (१९५४–८०). या कारकीर्दीतील पहिली तेवीस वर्षे त्याने फ्रान्समध्ये निर्वासित म्हणून काढली. बार्सेलोनाजवळील सर्वेल्यो या गावी त्याचा जन्म झाला. तरुणपणीच तो व्यापारी व औद्योगिक पेढ्यांतील नोकरवर्गाच्या स्वायत्ततावादी संघटनेत काम करू लागला.

मार्च १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ‘एस्केर्रा रेपुब्लिकाना’ या डाव्या प्रजासत्ताकवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी तो एक असून त्याचा सरचिटणीस होता. एप्रिल १९३१ मध्ये स्पेनमधील राजेशाही संपुष्टात आली व पक्षनेता फ्रान्सेस्क मासिया याने बार्सेलोनात कॅटलन प्रजासत्ताक घोषित केले. माद्रिदशी झालेल्या तडजोडीनुसार ते लगेच मागे घेण्यात येऊन त्याऐवजी जेनरालितातचे पुनरुज्जीवन करण्यात आले. मध्ययुगीन परंपरेची ही संस्था अठराव्या शतकाच्या आरंभी पाचव्या फिलिपने नष्ट केली होती. १९३२ च्या स्वायत्तता-संविधीने तिला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. तारादेल्यास स्पेनच्या संसदेवर निवडून आला आणि मासियाच्या मंत्रिमंडळातही त्याचा समावेश झाला.

यादवी युद्धाच्या काळात (१९३६–३९) त्याचे प्रशासनकौशल्य प्रकर्षाने दिसून आले. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या युद्धोद्योग आयोगाची सूत्रे त्याच्याकडे होती. धातुकाम व रसायने यांचे कारखाने दारूगोळ्याच्या उत्पादनाकडे वळविण्याचे काम या आयोगाने केले. सप्टेंबरमध्ये तो मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला. अराजकवादी कामगार संघटनांना शासनात सामावून घेणे आणि रस्त्यावर गेलेली सत्ता पुन्हा कायद्याच्या चौकटीत आणणे, हे या मंत्रिमंडळापुढील मुख्य कार्य होते. उद्योगांच्या सामूहिकीकरणाचा ऑक्टोबर १९३६ चा हुकूम याच काळातील होय. जानेवारी १९३९ मध्ये बार्सेलोना फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले आणि तारादेल्यास फ्रान्समध्ये गेला.

जेनरालितातचा अध्यक्ष ल्यूईस कुंपान्स याला १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्समध्ये पकडून फ्रँकोच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी बार्सेलोनातील मुंझुईक किल्ल्यात त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. कुंपान्सनंतर अध्यक्ष झालेल्या झूझेप इर्ला याने १९५४ मध्ये राजीनामा दिला. तेव्हा जुन्या कॅटलन विधिमंडळाच्या मोजक्या सभासदांनी मेक्सिको येथील स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या वकिलातीत तारादेल्यासची अध्यक्षपदी निवड केली. या अध्यक्षाजवळ प्रदेश, कोश वा सैन्य यांपैकी काहीही नव्हते. फ्रान्समधील तूरनजीकच्या सँ-मार्तँ-ल-बो या खेड्यात तो राहत असे. त्याने निर्वासित मंत्रिमंडळ बनविले नाही आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कॅटलन विरोधकांच्या संयुक्त सभेपासूनही तो अलिप्त राहिला. संस्था पक्षांहून श्रेष्ठ असून तिचे सातत्य टिकविणे हेच आपले कर्तव्य होय, अशी त्याची भूमिका होती. या अलिप्ततेमुळे अनेक सहकारी त्याच्यापासून दुरावले.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर (१९७५) परिस्थिती पालटली. जून १९७७ च्या निवडणुकांत कॅटालोनियात समाजवादी व साम्यवादी पक्षांना मोठे यश मिळाले. डाव्या बहुमताशी वाटाघाटी करण्यापेक्षा वृद्ध तारादेल्यासशी बोलणी करणे पंतप्रधान आदोल्फो स्वारेस याला अधिक सोयीचे वाटले. माद्रिद येथील त्यांची पहिली भेट वादळी ठरली. तथापि ती उत्तम झाल्याचे तारादेल्यासने वार्ताहरांना सांगितले आणि त्यामुळे बोलणी तुटली नाहीत. ११ सप्टेंबर १९७७ रोजी बार्सेलोनात स्वायत्ततेसाठी प्रचंड मोर्चा निघाला. २९ सप्टेंबरच्या हुकुमाने जेनरालितातची हंगामी पुनःस्थापना झाली. २३ ऑक्टोबर रोजी तारादेल्यास बार्सेलोनास परतला. सज्ज्यातून लोकांना संबोधताना त्याने “कॅटालोनियाच्या नागरिकांनो, मी आलो आहे!” असे उद्गार काढले. ‘कॅटलन जनहो’ न म्हणता त्याने ‘नागरिकांनो’ हा शब्द योजला; त्यामुळे स्पेनच्या इतर भागांतून तेथे स्थायिक झालेल्या लक्षावधी श्रमिकांचाही त्यात समावेश झाला.

त्याच्या हंगामी शासनात साम्यवाद्यांपासून मध्यममार्गी सत्ताधारी पक्षापर्यंत सर्व प्रमुख पक्ष होते. त्याचे प्रत्यक्ष अधिकार अल्प होते. १९७९ मध्ये नवी स्वायत्तता-संविधी सार्वमताने संमत झाली. १९८० च्या निवडणुकीनंतर त्याने जॉर्दी पुझोलकडे अध्यक्षपद सोपविले. पुझोलच्या धोरणामुळे कॅटलन समाजातील ऐक्य भंगेल, अशी टीका त्याने पुढील वर्षी जाहीर पत्राद्वारे केली. १९८५ मध्ये राजा हुआन कार्लोस याने त्याला मार्की हा किताब दिला. बार्सेलोना येथे तो निधन पावला. त्याचा दप्तरसंग्रह पोब्लेतच्या मठात जतन करण्यात आला असून बार्सेलोनाच्या विमानतळाला २०१९ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

तारादेल्यासच्या कार्याविषयी मतभेद आहेत. आजन्म प्रजासत्ताकवाद्याने राजेशाहीशी केलेली तडजोड आणि १९३२ च्या संविधीऐवजी पत्करलेली अधिकारशून्य हंगामी सत्ता यांवर टीका झाली. तथापि १९७८ चे स्पॅनिश संविधान होण्यापूर्वीच प्रजासत्ताकाच्या काळातील एक संस्था नव्या राज्यव्यवस्थेने मान्य केली, ही गोष्ट असामान्य होय. त्या हुकुमाने जेनरालितात नव्याने निर्माण केली नाही, तर पुनःस्थापिली. आणि हे शक्य झाले, कारण तेवीस वर्षे तिचे अध्यक्षपद त्याने रिक्त होऊ दिले नव्हते.