दुसरी खेप रोह्याची

पहिलं माहेरी, दुसरं सासरी. आमच्या घरात हे वाक्य उच्चारलं की पुढची चर्चा संपते. माझं माहेर पेण तालुक्यातलं हमरापूर, सासर रोहे. थोरली पेणला झाली. आता मला सातवा लागलाय आणि यंदाचं बाळंतपण रोह्यात होणार. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही, ते ठरलेलंच होतं. पण मी शाळेत इतिहास शिकवते. ‘ठरलेलंच आहे’ असं ऐकलं की ते कुणी ठरवलं आणि कुणाच्या सोयीने, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हणून या उन्हाळ्यात मी घरातल्या तिघींना धरलं: माझी आई, सासूबाई आणि ऐंशीच्या पुढच्या आजेसासूबाई, ज्यांना सगळं घर आजी म्हणतं.

आजींचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. “पयल्या येलेला पोरगी घाबरते, आईजवल बरी. दुसऱ्या येलेला तिला समदं म्हाईत असतं, मंग लावणी टाकून कशाला पाठवायची?”

शास्त्र, पुराण, देवधर्म यांचं नावसुद्धा नाही. हिशेब आहे, आणि तो भाताचा आहे. पेण-रोह्याकडे राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचं निम्मं काम बायकांच्या कमरेवर चालतं. नवी सून पंधरा-सोळा वर्षांची असायची. ती चार-पाच महिने माहेरी गेली तरी घराचं फारसं अडत नसे, शिवाय बाळंतपणाचा खर्च, डिंक, तूप, बाळंतविडा सगळं व्याह्यांच्या अंगावर पडे. दुसऱ्या वेळेपर्यंत तीच सून घरातला भरवशाचा हात झालेली असे. तिला पाठवायचं म्हणजे कडेवरच्या पोरालाही पाठवायचं, आणि माहेरी तोवर भावजय आलेली असायची. नणंदेचं एक बाळंतपण तिने हौसेने काढलं असेल, दुसऱ्याला तीच हौस उरत नाही. हे शेवटचं कारण मला आईने सांगितलं, तेही आवाज खाली आणून.

पहिलं माहेरी हा नियम तरी किती पक्का होता? विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. आईबापांचं हे पहिलं मूल, पण जन्म झाला तो वडिलांच्या वाडवडिलांच्या गावी, आजोबा शंभूरावांच्या घरी. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख जन्मले. ते रोह्याचे, बालपण रोह्यात गेलं, आमच्या गावाला त्यांचा कोण अभिमान. पण त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. एक सप्टेंबरातला, एक जानेवारीतला. विनोबांची आई रुक्मिणीबाई आणि चिंतामणरावांची आई भागीरथीबाई, या दोघींच्या बाळंतपणाची जागा कशी ठरली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण ज्याने सप्टेंबरातला गागोद्याकडचा चिखल पाहिलाय, त्याला एवढं कळतं की अशा दिवसांत गरोदर बाईला हलवण्याआधी घरातल्या माणसांनी दहा वेळा आभाळाकडे बघितलं असणार.

वाट हा या रिवाजातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि तोच आपण विसरतो. पेण ते रोहे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. आज ते काहीच नाही. पण एके काळी इकडचं येणंजाणं खाडीवर चालायचं. पेणच्या बाजूला धरमतरपर्यंत आगबोट, रोह्याच्या बाजूला रेवदंड्याहून कुंडलिकेतून भरतीच्या पाण्यावर मचवे. एकाच जिल्ह्यातली ही दोन गावं, पण दोघांच्या खाड्या वेगळ्या आणि दोघांची तोंडं मुंबईकडे. एकमेकांकडे यायचं तर बैलगाडी, मध्ये अंबा नदी, आणि मृग लागला की तीही वाट बंद. म्हणून माहेरी जायचं तर वैशाखातच जायचं आणि पाऊस सरल्यावर परतायचं. पहिल्या वेळी ही चैन परवडायची. दुसऱ्या वेळी मधली सगळी लावणी आणि बेणणी आड यायची. पुढे एसटी आली, आणि १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहे. आजी म्हणतात, गाडी आल्यावर रोह्याच्या सुनांना पहिल्यांदा माहेर ‘जवळ’ झालं.

जवळ झालं म्हणजे कायमचं झालं नाही. सासूबाईंचं माहेर नागोठण्याचं. १९८९ मध्ये त्यांची दुसरी खेप, म्हणजे माझा नवरा. रिवाजाप्रमाणे रोह्यातच राहायचं होतं, पण त्यांनी हट्ट धरला. गाडी आहे, अर्ध्या तासाचा प्रवास, आई थकलीय, मला तिच्याजवळच जायचंय. नवव्या महिन्यात पिशवी भरून तयार होती. आषाढ होता. २४ जुलैला अंबेला जो पूर आला तो रायगडात आजही त्या सालाच्या नावाने ओळखला जातो. जांभूळपाड्यात माणसं वाहून गेली, नागोठण्यात घरांत पाणी भरलं. सासूबाईंच्या माहेरी माणसं वाचली, पण पहिल्या बाळंतपणाच्या वेळची खोली, बाज, शेगडी, सगळं चिखलात. आठ दिवसांनी माझा नवरा रोह्यात जन्मला. सासूबाई पुराबद्दल जास्त बोलत नाहीत. मात्र दुसरं सासरी हा नियम आता घरात सर्वांत जोरात त्याच सांगतात.

आजींचं दुसरं बाळंतपण याच घराच्या पडवीत झालं. सुईण पलीकडच्या आळीतली. तिने चुलीवर पाण्याचा हंडा चढवायला सांगितला, दारं-खिडक्या लावून घेतल्या, आजींच्या हातात आढ्याला बांधलेला दोर दिला. नाळ विळ्याने कापली, वर राख लावली. सुईणीला पायलीभर तांदूळ, लुगडं आणि नारळ. मुलगी झाली असती तर लुगड्याऐवजी खण मिळाला असता, हे आजींनी सहज सांगितलं. ती सुईण शहाणी होती, आडवं मूल पोटावरून तेल लावून फिरवायची, असं त्या म्हणतात. हे सगळं खरं असेल. पण त्याच विळ्याने आणि त्याच राखेने किती मुलं नेली तेही खरं आहे. पाचवीला आणि सहाव्या रात्री आपण सटवाईच्या नावाने पाटावरवंटा पूजतो, दिवा जागता ठेवतो, बाळाला एकटं सोडत नाही. माझा असा तर्क आहे की ही जागरणं धनुर्वातानेच शिकवली असणार, कारण नाळेतून शिरलेला धनुर्वात साधारण त्याच दिवसांत बाळाची दातखीळ बसवतो. पुढे सरकारने सुईणींना प्रशिक्षण दिलं, हातात कोरं ब्लेड आणि स्वच्छ दोरा दिला, गरोदर बायकांना धनुर्वाताची लस सुरू झाली. २०१५ मध्ये बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटल्याचं जाहीर झालं. मला या वेळी दंडावर एकच सुई पुरली. पहिल्या गरोदरपणात दोन डोस झालेले असले आणि मध्ये फार काळ गेला नसला, तर दुसऱ्या वेळी एकच बूस्टर देतात. दुसरेपणाचा मला मिळालेला एवढाच सरळ फायदा.

आजींच्या वेळी दुसरं मूल म्हणजे सुरुवात होती. त्यांना सात झाली, चार राहिली. दुसऱ्याचं डोहाळजेवण कुणी करत नसे, कारण तिसऱ्याचं, चौथ्याचंही करावं लागलं असतं. किती मुलं आणि किती अंतराने, हा प्रश्न उघडपणे विचारणारे र. धों. कर्वे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो सभागृहाने फेटाळला. तीस वर्षांनी तोच विचार कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होऊन आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर आला. आज तर कायदाच आहे. २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. म्हणजे माझं दुसरं हेच शेवटचं. पण रिवाज अजून सात मुलांच्या काळातले. थोरलीच्या वेळी झोपाळा, फुलांची वाडी, पंचवीस बायका. या वेळी शेजारच्या काकूंनी गुपचूप ओटीत मूठभर तांदूळ आणि नारळ घातला, ‘दुसऱ्याला एवढंच असतं’ म्हणाल्या. कपडेही थोरलीचेच निघालेत. कुंची, दुपटी, लंगोट सासूबाईंनी उन्हात घालून वेखंडाच्या डब्यात परत ठेवलेत. मला त्याचं वाईट वाटत नाही, जुनं कापड बाळाला मऊ लागतं. वाईट वाटतं ते प्रश्नाचं. थोरली साडेतीन वर्षांची आहे. किराणावाल्यापासून अंगणवाडीपर्यंत प्रत्येक जण तिला विचारतो, “भाऊ पाहिजे ना?” ती म्हणते, “मला मांजर पाहिजे.”

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर त्याची पाटी असते, ती मी दोन्ही वेळा वाचली. पहिल्या वेळी नुसती वाचली. दुसऱ्या वेळी, पहिली मुलगी असताना ती पाटी कुणासाठी लावलीय ते कळलं. सरकारच्या मातृवंदना योजनेचंही पाहा. पहिल्या बाळाला पाच हजार, मुलगा असो वा मुलगी. दुसऱ्याला सहा हजार, पण मुलगी झाली तरच. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू मला समजतो. तरी दुसऱ्या खेपेच्या बाईला लोह कमी लागतं की दूध कमी लागतं, हे मात्र समजत नाही.

रोजचा दिवस असा जातो. नवरा धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टवर असतो. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा थोरली उठते, आणि तो झोपला की तिला गप्प बसवणं हे माझं काम. अंगणवाडीचा आहार तिचाही येतो, माझाही. मातामुलाचं कार्ड तिचं एक, माझं एक. नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी असते, रांगेत माझ्या मांडीवर बसायला तिला आता जागा उरलेली नाही. आजी तिची टाळू अजून भरतात, तीन वर्षांची झाली तरी.

हमरापूरला जाण्याचा प्रश्न यंदा तसाही नव्हता. माझी तारीख भाद्रपदातली आहे. पेणमध्ये देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गणपती घडवायचा धंदा रुजवला, पुढे तो हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांत पसरला. आता आमच्याकडे आषाढ-श्रावणात घरात माणसाला झोपायला जागा नसते, बाजेवरसुद्धा रंग सुकायला ठेवलेल्या मूर्ती असतात. आई आखणी करते. माझा धाकटा भाऊ याच हंगामात झाला, तेव्हा ती कळा सुरू होईपर्यंत मूर्तींचे डोळे रेखत होती. सासरी, अर्थात. तिला माहेरी कोण पाठवणार होतं? रोह्याहून निघायचं म्हटलं तर पनवेल-इंदापूर महामार्गाचं २०११ मध्ये सुरू झालेलं चौपदरीकरण आणि त्यातले खड्डे आहेतच. डॉक्टरांनी त्या रस्त्याला नाहीच म्हटलं. बैलगाडीच्या काळात होतं तेच उत्तर, फक्त आता रिपोर्टवर लिहून मिळालं.

हे सारं ज्यांच्याकडे दोन घरं आहेत त्यांचं झालं. पेण आणि रोह्याच्या डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यात पहिलं आणि दुसरं दोन्ही भट्टीवरच होऊ शकतं. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत, ज्यांच्या जन्मगावाच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं हे त्यांच्या आईलाच नीट माहीत नसतं. रिवाजांवर लिहिणारे या बायकांना वगळून लिहितात. मीही अर्धा लेख होईपर्यंत तेच केलं.

मध्यंतरी जातीच्या दाखल्यासाठी घरात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची, नक्कल काढावी लागली. आजेसासऱ्यांच्या भावंडांच्या नोंदी शोधताना धाकटे सगळे इथे सापडले आणि सर्वांत थोरला सापडेना. तो शेवटी त्याच्या आजोळच्या गावच्या दप्तरात निघाला, कारण नोंद जन्म झाला तिथे होते. तुमच्या घरात पहिल्याची नोंद हरवली असेल तर आधी आईचं माहेर शोधा. त्या नकलेत तारीख आहे, मुलगा की मुलगी आहे, बापाचं नाव आणि जात आहे. आईचं नाव नाही, आणि सुईणीचं तर नाहीच. आमच्या आळीतल्या सुईणीचं नाव आजींनाही आठवलं नाही. सगळे तिला नुसतं ‘बाय’ म्हणायचे. तुमच्या घरात अजून कुणाला आठवत असेल, तर आजच विचारून वहीत लिहून ठेवा.