सावंतवाडीची गंजिफा: काय वाचलं, काय राहिलं?

सावंतवाडीला एक दिवस काढून गेलात, तर सकाळी मोती तलावासमोरचा राजवाडा आणि दुपारी चितार आळी, असा बेत बहुतेकांचा असतो. आळीत लाकडी फळं, रंगीत पाट घ्यायचे आणि परतायचं. मला आज एवढंच सांगायचंय, की ही दोन ठिकाणं एकाच इतिहासाची दोन टोकं आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे गंजिफा.

हा शब्द आला फारसीतून. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डावात आठ रंग, ९६ पानं. आपल्याकडे तोच खेळ दशावतारी झाला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० गोल पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. परक्या खेळाला आपण असं घरचं करून घेतलं बघा!

पानं करायची पद्धत कष्टाची. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, हाताने रंगवायचे, वर लाखेचा लेप द्यायचा. छापील ५२ पत्त्यांचा स्वस्त जोड बाजारात आल्यावर याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

१९७०च्या सुमारास ही कला जाणणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकले. एरवी कारागीर राजाच्या दारात उभा असतो; इथे राजा-राणी कारागिरासमोर शिकायला बसले. मग वाड्याच्या दरबार हॉलमध्येच तरुण कारागीर तयार झाले. जिथे दरबार भरायचा, तिथे आता रंगाच्या वाट्या मांडलेल्या दिसतात.

म्हणजे कला वाचली. पण खेळाचं काय? आज संच घेणारे बहुतेक जण पानं चौकटीत लावतात. डाव कसा मांडायचा, हे क्वचितच कुणी विचारतं. वस्तू टिकते, तिचा वापर मात्र विसरला जातो, ही आपल्या वारशाची जुनी गोष्ट आहे. तेव्हा पुढच्या वेळी सावंतवाडीला जाल, तर किंमत विचारण्याआधी खेळाचे नियम विचारा. आणि घरी आल्यावर एक डाव खेळा.