सुट्या भागांचा इतिहास : १९६४ ची पाँटिॲक जीटीओ आणि पुनरुज्जीवनाचा प्रश्न

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी उभी राहतात. यंत्राकडे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडील इतिहासलेखनाला फारशी नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका मोटारीचा, आणि विशेषतः तिच्या पुनरुज्जीवनासाठी दुर्मीळ भाग मिळवण्याच्या व ते जुळवून घेण्याच्या व्यवहाराचा, साधनचिकित्सेच्या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. हा व्यवहार वरवर पाहता छांदिष्टांचा वाटतो. परंतु अस्सल कोणते, बनावट कोणते आणि दुरुस्ती कुठे संपून नवनिर्मिती कुठे सुरू होते, हे त्यातील प्रश्न दप्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटतील.

मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे शक्तिशाली व्ही-८ इंजिन बसवले की जी गाडी तयार होते, तिला ‘मसल कार’ असे म्हटले जाऊ लागले. या वर्गाचा आरंभ सामान्यतः १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानला जातो. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून माघार घ्यायला लावली. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असाही कंपनीचा दंडक होता. पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून पळवाट काढली. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न ठेवता टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर सुमारे २९५ डॉलर जादा देऊन घ्यावयाचा पर्याय म्हणून तिची नोंद झाली, आणि ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन त्या गाडीत बसले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि ऑक्टोबर १९७३ चा तेलपुरवठ्यावरील बहिष्कार यांनी हे युग संपवले.

जीटीओ हा केवळ पर्याय असल्यामुळे १९६४ व १९६५ च्या गाडीच्या ओळखक्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स आहे, हे कळत नाही. १९६६ मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि मगच ओळखक्रमांकात तिचा वेगळा उल्लेख येऊ लागला. दंडक चुकवण्यासाठी कंपनीच्या कागदावर जे दडवले गेले, ते साठ वर्षांनंतर लोखंडातून शोधावे लागते.

आता हे लोखंड काय सांगते, ते पाहू. ओतीव भागांवर ओतकामाची तारीख सांकेतिक रूपाने उमटलेली असते. ‘ए २४४’ म्हणजे जानेवारी महिना, २४ तारीख आणि वर्षाचा शेवटचा अंक ४. हा ४ म्हणजे १९६४ की १९७४? ३८९ घन इंचांचे इंजिन १९६६ नंतर बंद झाले, म्हणून येथे १९७४ संभवत नाही; अन्य भागांबाबत मात्र असा आधार नसतो. गाडी जुळणीरेषेवरून ज्या दिवशी बाहेर पडली, त्यानंतरची तारीख तिच्या इंजिनावर असेल, तर तो भाग उपरा आहे हे निश्चित. पत्राच्या लेखकाच्या मृत्यूनंतरची घटना त्या पत्रात आल्यास आपण जो निष्कर्ष काढतो, तोच हा. पाँटिॲकच्या इंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकण्याची पद्धत १९६८ पासूनची आहे. त्यापूर्वीच्या गाड्यांसाठी कंपनीच्या मायक्रोफिल्मवर टिकलेल्या विक्रीनोंदींचा आधार घ्यावा लागतो. या सर्व पुराव्यांना बाजारभाव आहे, आणि म्हणूनच जुने अंक घासून नवे अंक ठोकण्याचा उद्योगही आहे. खोट्या सनदा जमिनीच्या लोभाने तयार होत. येथे लोभाचे कारण वेगळे, इतकेच.

मूळ भाग मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. १९५४ साली सुरू झालेले ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे जाहिरातींचे नियतकालिक, पेन्सिल्व्हेनियातील हर्शी येथे १९५५ पासून भरणारा शरद ऋतूतील मेळावा आणि त्याच राज्यातील कार्लाइल येथे १९७४ साली सुरू झालेले मेळावे ही त्यांतील प्रसिद्ध ठिकाणे. विक्रेत्याच्या गोदामात न वापरता पडून राहिलेला, मूळ वेष्टनातील भाग सर्वांत मोलाचा. पण असा साठा कधी ना कधी संपणारच. मग भंगारवाडे पाहायचे. मिशिगन वा ओहायोमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील गाड्यांचे तळपत्रे गंजून चाळण झालेले असतात. ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात पत्रा शाबूत राहतो, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकतो आणि आसनांचे कापड विरते. परिणामी उत्तरेकडची अंतर्सजावट आणि दक्षिणेकडचा पत्रा एकाच गाडीत येतो. अशा गाडीला कोणत्या प्रदेशाची म्हणावे?

कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, हे सांगणारी ‘हॉलंडर’ नावाची अदलाबदल-सूची भंगार व्यवसायात १९३० च्या दशकापासून प्रचलित आहे. निव्वळ धंद्याच्या सोयीसाठी रचलेला हा ग्रंथ आज तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अव्वल साधन ठरावा. कंपनीच्या जाहिराती प्रत्येक गाडी आगळी असल्याचे सांगतात. ही सूची मात्र शेव्हेल, कटलस, स्कायलार्क आणि टेम्पेस्ट या एकाच सांगाड्यावरच्या बहिणी असल्याचे शांतपणे नोंदवते.

तथापि सूचीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. तीन कार्ब्युरेटरांची ‘ट्राय-पॉवर’ रचना हे जीटीओचे भूषण. तिच्यामुळे इंजिनाची शक्ती ३२५ वरून ३४८ अश्वशक्ती होई. १९६५-६६ चे ट्राय-पॉवर मॅनिफोल्ड दिसायला जवळचे असते, पण १९६५ पासून सिलिंडर हेडवरील बोल्टांची मांडणी बदलल्याने ते १९६४ च्या हेडवर बसत नाही. काही जण मग हेडच १९६५ चे बसवतात. झाकण उघडून पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला फरक कळत नाही. जाणकार मात्र ओतीव क्रमांक वाचतो.

जुळवून घेण्याचेही दोन प्रकार करावे लागतील. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्याच सांगाड्यावरील नंतरच्या गाड्यांचे पुढचे डिस्क ब्रेक तिला बसतात, आणि मूळ भाग जपून ठेवले तर ते पुन्हा लावता येतात. हा बदल परतवता येणारा आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाच्या आवरणाअभावी वाल्व्हच्या बैठकी झिजू नयेत म्हणून हेड कोरून त्यांत कठीण पोलादी कड्या बसवतात. गाडी चालती राहते, पण १९६४ चे मूळ यंत्रकाम कायमचे नाहीसे होते. पहिला बदल पोथीच्या समासात लिहिलेल्या टिपेसारखा, तर दुसरा मूळ अक्षर खरवडून त्यावर लिहिल्यासारखा आहे. दुसरा करूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तो गुपचूप करू नये, एवढेच आहे.

या सगळ्या व्यवहारातील खरी हानी मात्र जीटीओची नाही. १९६४ चे ट्राय-पॉवर मॅनिफोल्ड हवे असेल, तर ते त्या वर्षीच्या मोठ्या कॅटालिना किंवा बॉनव्हिल गाडीतून काढतात. दरवाजे, काचा आणि पुढचे पत्रे साध्या टेम्पेस्टमधून येतात. ज्या गाड्यांतून शिक्षक, कारकून आणि कारखान्यातील कामगार आपली मुलेबाळे घेऊन फिरले, त्या चारदारी गाड्या कोणी जतन केल्या नाहीत. त्या तोडून दोनदारी तरुण गाडी सजवली गेली. त्यात सरकारी व खासगी मोहिमांची भर पडली. १९९० साली युनोकॅल या तेलकंपनीने लॉस एंजेलिस परिसरातील १९७१ पूर्वीच्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलरला विकत घेऊन आठ हजारांहून अधिक गाड्या भंगारात काढल्या. हवेच्या शुद्धतेसाठी ते योग्यही असेल. पण कोरड्या हवामानात टिकलेला सामान्य गाड्यांचा मोठा साठा त्यात गेला. राजघराण्याचे दप्तर बांधण्यासाठी कुळकर्ण्यांच्या वह्यांचे पुठ्ठे काढून घ्यावेत, तसे हे झाले.

नव्याने ठोकलेल्या पत्र्यांमुळे हा ताण काहीसा कमी झाला आहे. तैवानमध्ये बनलेले तळपत्रे आणि बाजूपत्रे आता सहज मिळतात. काही मसल कारचे तर संपूर्ण सांगाडे नव्याने तयार होतात. संग्राहक त्यांना कमी लेखतात. अभ्यासकाने त्यांचे स्वागतच करावे, कारण प्रत्येक नकली दरवाजामागे एखादी टेम्पेस्ट न तुटता उभी राहण्याची शक्यता असते. हर्शीचा मेळावा भरवणाऱ्या अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या संघटनेने मूळ स्थितीत राहिलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे, ही जमेची बाजू होय. पुनरुज्जीवित गाडीसोबत मात्र पुष्कळदा रंगाची आणि खर्चाची चोपडीच तेवढी असते. कोणता भाग कोणत्या गाडीतून काढला, त्या गाडीचा ओळखक्रमांक काय होता, ती कोणत्या राज्यात उभी होती आणि उरलेल्या सांगाड्याचे पुढे काय झाले, या चार रकान्यांची नोंद त्या चोपडीत घातली गेली, तर तुटलेल्या कॅटालिनाचे निदान नाव तरी उरेल.