घाटांना नावं कोणाची?

न्यूझीलंडहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "पण मग झोपायचात कुठे?" म्हणून आधी तेच सांगून टाकते. गाडीत!

कॅम्परव्हॅन म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा जरा मोठी गाडी. दिवसा बसायची बाकं, रात्री त्याचेच पलंग. गॅसची शेगडी, वीतभर बेसिन आणि कपाटाएवढा संडास. दर एक-दोन दिवसांनी स्वच्छ पाणी भरायचं, सांडपाण्याची टाकी सोडायची आणि संडासाची पेटी ठरवून दिलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची. हे शेवटचं काम अकरा दिवस नवऱ्याने केलं. न कुरकुरता. जाहीर आभार.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झाले. अर्धं आयुष्य कोकणातल्या घाटांच्या दुरुस्तीत गेलं. त्यामुळे आम्ही डोंगर बघायचो आणि ते रस्त्याच्या कडेचं गटार. कुठे मोरी किती मोठी टाकलीये, कठडा कसा बांधलाय, दरडीला जाळी लावलीये का, यावर त्यांचं भाष्य चालू. हे सहलवर्णन थोडं इतिहासाकडे वळलंय ते त्यांच्यामुळेच, हे आधीच कबूल करते.

फेब्रुवारी २०२४. दक्षिण बेटावर ख्राइस्टचर्चहून निघालो आणि दुसऱ्या दिवशी 'आर्थर्स पास' नावाच्या घाटाला लागलो. उंची ९२० मीटर, म्हणजे साधारण आपल्या माथेरानपेक्षा थोडी जास्त. चढावर गाडी कण्हत होती. एका वळणावर भांड्यांच्या कपाटाची कडी निघाली आणि मिसळणाचा डबा थेट जमिनीवर. पुढचे अकराही दिवस गाडीला हळदीचा वास होता. डबा गोळा करता करता बाबांनी विचारलं, "हा आर्थर कोण?"

लेकीने फोनवर शोधलं. आर्थर डडली डॉब्सन नावाचा तरुण सर्वेक्षक. त्याने १८६४ साली ही खिंड पार करून नोंदवली. पण इथून वाट आहे हे त्याला सांगितलं तारापुही या माओरी सरदाराने. माओरी लोक पूर्वापार पश्चिम किनाऱ्यावर जायचे ते पोउनामूसाठी, म्हणजे तिथल्या नद्यांत मिळणाऱ्या हिरव्या कठीण दगडासाठी. त्याची हत्यारं व्हायची, दागिने व्हायचे. त्याच सुमारास पश्चिमेला सोनं सापडलं आणि घाईघाईने रस्ता हवा झाला. सुमारे हजार माणसं लावून, भर हिवाळ्यात, टिकाव-फावड्यांनी हा रस्ता खोदला. १८६६ साली घोडागाड्या सुरूही झाल्या.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वाट दाखवणारा तारापुही, खणणारे हजार जण, आणि नाव आर्थरचं. आपल्या शिंग्रोबाची गोष्ट झाली ही."

बोरघाटातून गेलेल्या सगळ्यांना शिंग्रोबाचं देऊळ माहीत असेल. इंग्रज इंजिनिअरांना सह्याद्री उतरायची वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याचा जीव घेतला, अशी ती कथा. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण निदान देऊळ तरी आहे. ड्रायव्हर जाताना नाणं टाकतात.

त्यानंतर आमच्या घरात तो खेळच झाला. पाटी दिसली की लेक नाव वाचायची आणि बाबा विचारायचे, "आणि त्याच्या आधी?"

पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला निघालो तसा पाऊस लागला. दोन दिवस गाडीतच. चार माणसं, ओले टॉवेल आणि बाहेर सँडफ्लाय. ही एवढीशी काळी माशी चावते की आठवडाभर खाजवत बसा. या दोन दिवसांत आम्ही चौघंही एकमेकांशी भांडून झालो. परदेशातल्या सुंदर फोटोंत हे येत नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि रस्त्याकडेला गाडी लावून, समुद्राकडे तोंड करून खाल्लेली गरम खिचडी मात्र जन्मभर लक्षात राहील.

त्याच किनाऱ्यावर नाइट्स पॉइंट म्हणून जागा आहे. इथला रस्ता जोडून पूर्ण झाला १९६५ साली. हा नाइट कोण असेल? सरदार? इंजिनिअर? तर रस्त्याची आखणी करणाऱ्या एका सर्वेक्षकाचा कुत्रा! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "कुत्र्याचं नाव लागलं, चांगलं झालं. मजुरांची कुठे आहेत बघ जरा." आम्ही बघितली. त्या पाटीवर नव्हती.

पुढे हास्ट पास. त्याआधी हास्ट नदीवरचा सातशे मीटरांहून लांब, एकाच गाडीपुरता पूल. समोरचा आधीच पुलावर असेल तर आपण थांबायचं. हॉर्न नाही, घुसणं नाही. ज्युलियस हास्ट हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ १८६३च्या जानेवारीत या खिंडीतून गेला आणि खिंडीला त्याचं नाव पडलं. त्याच महिन्यात चार्ल्स कॅमेरॉन नावाचा सोनं शोधणारा एकटाच इथे येऊन गेला होता. खूण म्हणून त्याने एका डोंगरावर बंदुकीच्या दारूची कुपी पुरून ठेवली. ती सापडली १८८१ साली. आणि या दोघांच्याही कितीतरी आधीपासून माओरी लोक या वाटेला 'तिओरीपातेआ' म्हणत होते. अर्थ, मोकळी वाट. ज्या वाटेला नाव होतं, ती 'शोधली' कशी म्हणायची?

ॲरोटाऊन हे सोन्यावर वसलेलं टुमदार गाव. १८६२ साली ॲरो नदीत सोनं पहिल्यांदा पाहिलं ते जॅक तेवा या माओरी माणसाने, पण गावाला सुरुवातीला नाव पडलं 'फॉक्सेस', फॉक्स नावाच्या दुसऱ्याच खाणकऱ्याचं. गावाच्या टोकाला नदीकाठी चिनी खाणमजुरांच्या बुटक्या झोपड्या जपून ठेवल्यात. बाकीच्यांनी सोडून दिलेल्या जागी हे लोक पुन्हा गाळ धुऊन सोनं काढायचे. त्यांच्यावर १८८१ साली माणशी दहा पौंड प्रवेशकर बसवला, १८९६ साली तो शंभर पौंड केला. फक्त चिन्यांवर. त्याबद्दल तिथल्या सरकारने २००२ साली जाहीर माफी मागितली. बाबा एका झोपडीच्या दारातून वाकून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

मिलफर्डचा रस्ता पावसाने एक दिवस बंद होता. दुसऱ्या दिवशी उघडला. वाटेत होमर बोगदा. १८८९ साली विल्यम होमरला ही खिंड दिसली आणि इथे बोगदा काढा असं त्याने सुचवलं. काम सुरू झालं १९३५ साली, मंदीच्या काळात, पाच माणसांनी, टिकाव आणि हातगाड्या घेऊन. हिवाळ्यात तंबूत राहायचं, वरून हिमाचे कडे कोसळायचे. त्यात तिघं गेले. रस्ता वाहनांना खुला झाला १९५४ साली. बोगदा सव्वा किलोमीटरचा, सगळा उतार, दगड तासलेल्या ओबडधोबड भिंती, छतातून ठिबकणारं पाणी. गाडीत कोणी बोललं नाही. बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "हे ज्यांनी खोदलं त्यांचे हात बघायला हवे होते."

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगितली, जी मी पन्नाशीला आले तरी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या हाताखालचा एक मैलकुली पावसाळ्यात मोरी मोकळी करताना दरडीखाली गेला. बाबांनी अहवालात त्याचं नाव लिहिलं होतं. पुढे घाटाच्या कामाची पाटी लागली, तीवर मंत्र्यांचं नाव होतं. "मी काही बोललो नाही. बोलायची पद्धतच नव्हती," म्हणाले. मग पांघरूण ओढून झोपले. मी मात्र जागीच.

परतीला ड्युनेडिनकडे जाताना मिल्टनपासून थोडं आत वळलो. आडवाट होती, पण यावेळी जागा लेकीने शोधली होती. ग्लेनोर. तिथे एडवर्ड पीटर्सचं स्मारक आहे. लोक त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणायचे. हा भारतातून आलेला, आपल्या मुंबईकडचा असं सांगतात. १८५३ साली तो न्यूझीलंडला आला आणि त्या दशकाच्या अखेरीस या भागात त्याला सोनं सापडलं. पण ऑटागोच्या सोन्याचा शोध लागला तो १८६१ साली गॅब्रिएल रीडला, असं पुस्तकात गेलं. रीडला हजार पौंड बक्षीस मिळालं, त्या घळीला त्याचं नाव मिळालं. पीटर्सला म्हातारपणी, १८८५ साली, सरकारने पन्नास पौंड दिले, तेही लोकांनी तेवढीच वर्गणी जमवली तर, या अटीवर. १८९३ साली तो वारला. स्मारकाचं अनावरण झालं २००९ साली. ते केलं गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांनी, म्हणजे फिजीतून आलेल्या भारतीय आईबापांच्या मुलाने.

या सहलीत पैसे बरेच गेले. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे रस्त्याचा वेगळा कर असतो, तो शेवटी हातात पडला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पाठ दुखली, भांडणं झाली, एक अख्खा दिवस बंद रस्त्यापायी गेला. पण विमानाने तीन शहरं करून आलो असतो तर बाबा खिडकीशी बसून नुसते ढग बघत राहिले असते. चाकाखाली रस्ता होता म्हणून ते बोलले.

परत आल्यावर त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्यात. घाटावर काम केलेल्या मैलकुल्यांची नावं, गावासकट, एका वहीत उतरवतायत. आत्तापर्यंत एकतीस झाली. काहींची आडनावं आठवत नाहीत, म्हणून रोज सकाळी जुन्या सहकाऱ्यांना फोन चालू असतात. तुमच्याकडच्या घाटावर कोणी राबलेलं माहीत असेल तर नाव कळवा. बाबा म्हणतात, वहीत जागा आहे.