अर्ध्या मेंदूचे बालपण

१९५० मध्ये जोहान्सबर्गचे शल्यविशारद रोलंड क्रायनॉ यांनी १२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्यांनी या रुग्णांच्या मेंदूचा एक गोलार्ध जवळजवळ संपूर्ण काढून टाकला होता. औषधांना दाद न देणारे झटके थांबले. इतकेच नव्हे, तर अनावर, आक्रमक झालेल्या रुग्णांचे वर्तनही सुधारले.

ही शस्त्रक्रिया नवी नव्हती. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये मेंदूतील गाठीसाठी, तर टोरांटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी १९३८ मध्ये अपस्मारासाठी ती केल्याची नोंद आहे. क्रायनॉ यांचे वेगळेपण रुग्णांच्या निवडीत होते. त्यांच्या रुग्णांना बालवयातच एका बाजूचा अर्धांगवायू झालेला होता. जो गोलार्ध काढायचा तो आधीच निकामी होता आणि निरोगी गोलार्धालाही सतत विस्कळीत करत होता. निकामी भाग काढल्याने मूल काय गमावेल, यापेक्षा तो ठेवल्याने काय गमावत आहे, हा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला.

पुढील दशकभर या शस्त्रक्रियेचा बराच बोलबाला झाला. मग बरी झालेली काही मुले अनेक वर्षांनी पुन्हा खालावू लागली आणि काही दगावली. १९६६ मध्ये ओपनहायमर आणि ग्रिफिथ यांनी कारण दाखवून दिले. डोक्यात उरलेल्या मोठ्या पोकळीत सूक्ष्म रक्तस्राव होत राहतो, त्यातील लोह उरलेल्या मेंदूच्या पृष्ठभागावर साचते आणि मेंदूजलाचा निचरा अडतो. परिणामी ही शस्त्रक्रिया जवळपास वाळीत पडली.

मार्ग काढला तो माँट्रियलच्या थिओडोर रासमुसेन यांनी, १९७० च्या दशकात. सगळा गोलार्ध काढायचाच कशाला? त्यांनी मधला भाग काढला. पुढचा व मागचा भाग रक्तपुरवठ्यासह जागीच ठेवून त्यांचे उरलेल्या मेंदूशी असलेले दुवे तेवढे तोडले. पोकळी लहान राहिली आणि झटके पलीकडे पोहोचेनासे झाले. कल्पना साधी, पण तिच्यामागे आधीच्या मुलांच्या मृत्यूंचा धडा होता.

याच रासमुसेन यांचे नाव एका दुर्धर आजाराला मिळाले आहे. त्यात धडधाकट मुलाच्या मेंदूचा एक गोलार्ध हळूहळू दाहाने नष्ट होतो. १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन फ्रीमन आणि बेन कार्सन यांच्यासमोर अशी मुले येत. आजार डाव्या बाजूचा असला तर पेच बिकट होई. लवकर शस्त्रक्रिया करावी, तर बोलणारे मूल मुके होण्याची भीती. थांबावे, तर रोजच्या झटक्यांत शिकण्याची वर्षेच वाया जाणार. शिवाय विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांचे कौशल्य आणि अर्धे दृष्टिक्षेत्र जाणार, हे ठरलेलेच. चालणे मात्र बहुधा परत येते.

भाषेबद्दलच्या समजुतीला धक्का बसला १९९७ मध्ये, लंडनमध्ये. फराने वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी ‘ॲलेक्स’ या टोपणनावाच्या मुलाची हकीकत मांडली. त्याला वाचा आलीच नव्हती आणि त्याचे आकलन ३-४ वर्षांच्या मुलाइतके होते. साडेआठव्या वर्षी डाव्या गोलार्धाचे बाह्यक काढले गेले. नऊ वर्षे उलटल्यावर औषधेही थांबली आणि तो अचानक बोलू लागला. पुढे त्याची भाषा ८ ते १० वर्षांच्या मुलाच्या पातळीला पोहोचली. भाषेचा पाया अगदी लहानपणीच पडला पाहिजे, या मताला हा जिवंत अपवाद होता. अर्थात शस्त्रक्रिया आणि औषधबंदी पाठोपाठ आल्याने श्रेय नेमके कोणाला किती, हे वेगळे करता येत नाही. एका मुलावरून सर्वांना आशा दाखवणेही धाडसाचेच.

काटेकोर तुलना झाली ती नवी दिल्लीच्या एम्समध्ये, आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोलार्धच नव्हे, तर अपस्मारासाठीच्या विविध मेंदूशस्त्रक्रिया तिच्यात होत्या. चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ११६ मुलांची विभागणी झाली : ५७ जणांवर शस्त्रक्रिया, ५९ जण औषधांवर प्रतीक्षायादीत. वर्षाअखेर पहिल्या गटातील ७७ टक्के मुले झटकामुक्त होती; दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के. वर्तन आणि जीवनमानही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारले. बुद्ध्यंकात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५ मुलांना एका बाजूची दुर्बलता आली.