खेळाडू मनाने मोडतो तेव्हा : किल्लारी, तालीम आणि फुटबॉल क्लब

१/ ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडची गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी परिसरातील सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हा इतिहास मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. त्यानंतर महिन्याभरात झालेली एक मोजणी मात्र फारशी सांगितली जात नाही. मानसिक आघात आणि व्यसन यांत सापडलेल्या खेळाडूशी क्लबने कसे वागावे, या प्रश्नाची सुरुवात त्या मोजणीपासून करता येते.

२/ भूकंपातून वाचलेल्या काही माणसांची मानसोपचारतज्ज्ञांनी पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाहणी झालेल्यांपैकी ५९ टक्के लोकांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. २३ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता, २१ टक्क्यांना तीव्र नैराश्य. स्त्रियांमध्ये आणि सर्वस्व गमावलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते.

३/ या आकड्यांचे महत्त्व असे की, पडलेल्या घरांप्रमाणे मोडलेली मनेही मोजता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. रात्री दचकून उठणारा माणूस ‘भित्रा’ नव्हता, त्याला आजार झाला होता. अशा अवस्थेत अनेकांना दारू जवळची वाटते, कारण ती एका रात्रीपुरती झोप देते. पण ती झोप तुटक असते, दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढते आणि मात्राही वाढत जाते. आघात व व्यसन पुष्कळदा असे एकमेकांना धरून चालतात.

४/ खेळाडूच्या बाबतीत हे ओळखणे अधिक कठीण असते. त्याचे शरीर धडधाकट दिसते. वेदना सोसण्याबद्दल त्याला लहानपणापासून शाबासकी मिळालेली असते. शिवाय मनाचे दुखणे उघड केले तर संघातील जागा जाण्याची भीती असते. म्हणून प्रश्न खेळाडूच्या निर्धाराइतकाच त्याला सांभाळणाऱ्या संस्थेचाही आहे. महाराष्ट्राने अशा संस्थांचे तीन नमुने पाहिले आहेत.

५/ पहिला नमुना तालमीचा. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. तालमीत वस्तादाची नजर चोवीस तास पठ्ठ्यावर असते : आहार, झोप, संगत, घरची चिठ्ठी, सारे काही. मुलाचे कुठे बिनसले आहे हे तिथे वजनकाट्याआधी वस्तादाला कळते.

६/ या नात्याचे बळ राहुल आवारे याच्या वाटचालीत दिसते. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा हा मल्ल बिराजदारांच्या हाताखाली घडला. २०११ मध्ये बिराजदारांचे निधन झाले. तेव्हा लातूरचेच अर्जुन पुरस्कारविजेते मल्ल आणि बिराजदारांचे शिष्य काका पवार यांनी त्याला आपल्याकडे घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची संधी हुकली, तरी तालीम सुटली नाही. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण जिंकून राहुलने ते बिराजदारांना अर्पण केले. गुरू गेला तरी शिष्याला धरून ठेवणारा हात तयार होता.

७/ तालमीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तिच्या परंपरेत व्यसन हे चारित्र्याचे पाप मानले जाते. पाय घसरू नये म्हणून तिथे कडक बंदोबस्त असतो, पण घसरलेल्याला परत येण्याची वाट आखलेली नसते. त्यामुळे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज, तोच सर्वाधिक लपवतो.

८/ दुसरा नमुना नोकरीच्या संघाचा. नांदेड-लातूरचा प्रदेश ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीस हा फुटबॉल संघ घडवला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईतही टाटा, मफतलाल, महिंद्रा अशा कंपन्यांचे संघ उभे राहिले.

९/ अशा संघांतील खेळाडूला मैदानाबाहेर हुद्दा, पगार आणि सहकारी असत. गुडघा गेला तरी ओळख शिल्लक राहत असे. आज व्यावसायिक क्लबमध्ये करार संपला की पगार, घर, डॉक्टर आणि मित्र एकाच दिवशी सुटू शकतात. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि त्या जुन्या व्यवस्थेचा एक मोठा खांब ढासळला. अर्थात नोकरीने पोट सांभाळले, मनासाठी वेगळी सोय तिथेही नव्हती.

१०/ तिसरा नमुना व्यावसायिक क्लबचा. त्याची सर्वांत करुण कथा ब्राझीलच्या गारिंचाची आहे. १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक जिंकून देणारा हा वाकड्या पायांचा जादूगार बोटाफोगो क्लबचा प्राण होता. दुखऱ्या गुडघ्यावर इंजेक्शने घेऊन तो खेळत राहिला. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्याची पत्नी, गायिका एल्झा सोआरेस, हिच्या आईचा त्यात मृत्यू झाला. आधीपासूनचे मद्यपान त्यानंतर आवरले नाही. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो गेला. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीतील प्रेम खरे होते. त्याला जिवंतपणी हवी होती ती काळजी घेणारी व्यवस्था, आणि ती कुणाकडेच नव्हती.

११/ इंग्लंडमध्ये आर्सेनलचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स १९९० मध्ये दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. क्लबने त्याला काढले नाही. पण व्यसन सुटले नाही, ते पुढे काही वर्षे चालूच राहिले. १९९६ मध्ये ‘मी मद्यपी आहे’ असे त्याने स्वतः जाहीर केले, उपचार स्वीकारले आणि पुढे १९९८ व २००२ मध्ये कर्णधार म्हणून लीग व एफए कप अशी दुहेरी विजेतेपदे मिळवली. २००० मध्ये त्याने व्यसनग्रस्त खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स हे उपचारकेंद्र स्थापन केले. संघात ठेवणे आणि सांभाळणे यांतील अंतर या सहा वर्षांत दिसते.

१२/ महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. १९९३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विनोद कांबळी यांनी लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली. १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, ते अखेरची कसोटी खेळले. तेव्हा त्यांची सरासरी ५४ च्या वर होती. मद्यपानाच्या त्रासाबद्दल ते पुढे स्वतः जाहीरपणे बोलले. २०२४ च्या अखेरीस ते रुग्णालयात होते, तेव्हा १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडू मदतीसाठी पुढे आले. सुनील गावसकर यांच्या चॅम्प्स फाउंडेशननेही २०२५ पासून मासिक साहाय्य सुरू केले. ही माणुसकी मोलाचीच. परंतु अखेरच्या कसोटीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी मदत मित्रांच्या दारातून येते, तेव्हा २३ व्या वर्षी त्या तरुणाजवळ कोण होते, हा प्रश्न खेळाच्या संस्थांना विचारावाच लागतो.

१३/ उत्तराचा मोठा भाग मराठीतच तयार आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही त्याची पहिली भूमिका. उपचारात कुटुंबाला सामील करून घेणे, बाहेर पडल्यावर पाठपुरावा ठेवणे, पुन्हा पाय घसरला तरी दार बंद न करणे आणि बरे झालेल्यांनाच इतरांच्या मदतीला उभे करणे, ही त्याची पद्धत.

१४/ यातून क्लबसाठी काही नियम सहज निघतात. खेळाडूशी करार करतानाच मानसिक उपचारांची तरतूद असावी. समुपदेशकाने संघनिवड करणाऱ्यांना खेळाडूचे बोलणे सांगू नये, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. दुखापत, घरातील मृत्यू, संघातून वगळले जाणे या प्रसंगी खेळाडूची विचारपूस आपणहून व्हावी. उपचारांच्या काळात पगार आणि सरावाच्या मैदानाशी नाते तुटू नये. करार संपल्यावरही काही काळ पाठपुरावा राहावा.

१५/ आक्षेप येतो : क्लब म्हणजे रुग्णालय नव्हे, इतर खेळाडूंवरही अन्याय होता कामा नये. आक्षेप रास्त आहे. जो खेळण्याच्या स्थितीत नाही त्याला अंतिम अकरात घेण्याचे बंधन कुणावर नाही. नशेत गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा भोगलीच पाहिजे. तालमीची शिस्त इथे उपयोगीच पडते. फक्त शिक्षेच्या शेवटी परतीची वाट असावी आणि ती खेळाडूला आधीपासून ठाऊक असावी.

१६/ हा विचार मोठ्या क्लबांपुरताही नाही. नांदेड-लातूरची मुले बारा-चौदाव्या वर्षी पुण्या-मुंबईच्या प्रबोधिनींत, वसतिगृहांत राहायला जातात. प्रवेशाच्या दिवशी त्यांची उंची, वजन, धावण्याचा वेग मोजला जातो. घर सोडून आलेले ते पोर रात्री नीट झोपते का, हे विचारायला पैसा लागत नाही. किल्लारीनंतर डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले, त्यांत झोपेचा प्रश्नही होता. प्रशिक्षकांनी तो विचारायला शिकावे.

समाप्त.