बाबासाहेब आंबेडकर यांची मुंबई विधिमंडळातील विधेयके

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे १९२७ पासून मुंबई विधान परिषदेचे नामनिर्देशित सदस्य आणि १९३७ पासून मुंबई विधानसभेचे निर्वाचित सदस्य होते. या काळात त्यांनी मांडलेल्या अशासकीय विधेयकांपैकी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक (१९२८ व पुन्हा १९३७) आणि खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक (१९३७) ही प्रमुख होत. यांपैकी एकही विधेयक त्यांच्या हयातीत त्यांच्या नावाने संमत झाले नाही. पहिले मागे घ्यावे लागले आणि नंतरची दोन्ही संमत होऊ शकली नाहीत. तथापि या विधेयकांची मुख्य उद्दिष्टे पुढे १९४९चा मुंबई खोती निर्मूलन कायदा आणि १९५८चा मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा या शासकीय कायद्यांद्वारे अमलात आली.

## पार्श्वभूमी

भारत सरकार कायदा, १९१९ अन्वये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे देण्यात आली, तर जमीन महसूल, पोलीस यांसारखी 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. अस्पृश्य वर्गाला मुंबई विधान परिषदेत निवडणुकीने भरायच्या राखीव जागा नव्हत्या. त्यांचे प्रतिनिधी सरकार नेमत असे. १९२६च्या अखेरीस आंबेडकर व डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांचे नामनिर्देशन झाले. फेब्रुवारी १९२७ मध्ये आंबेडकरांनी सदस्यत्वाची शपथ घेतली.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर केलेल्या भाषणात त्यांनी जमीन महसुलाच्या आकारणीवर टीका केली. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही, पीक बुडाले तरी भरावा लागतो, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. ग्रामीण भागातील जमीन, सेवा आणि महसूल यांचे परस्परसंबंध हाच त्यांच्या पुढील विधेयकांचाही विषय राहिला.

## महार वतन

महाराष्ट्राच्या गावगाड्यात महार हे गावाचे व सरकारचे वंशपरंपरागत चाकर मानले जात. सरकारी टपाल पोहोचवणे, वसूल झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यात नेणाऱ्याबरोबर जाणे, गावाच्या शिवेची माहिती देणे, दवंडी पिटणे, गावात आलेल्या अधिकाऱ्यांची कामे करणे आणि मेलेली जनावरे ओढणे अशी अनेक कामे त्यांच्याकडे असत. मोबदल्याचे तीन प्रकार होते : 'हाडकी' किंवा 'हाडोळा' या नावांनी ओळखली जाणारी इनाम जमीन, रयतेकडून धान्यरूपाने मिळणारे बलुते आणि काही ठिकाणी सरकारकडून मिळणारी अल्प रोख रक्कम.

या व्यवस्थेला मुंबई वंशपरंपरागत अधिकारपदे कायदा, १८७४ याचा आधार होता. आंबेडकरांच्या टीकेचा रोख पुढील दोषांवर होता :

* कामाचे तास आणि स्वरूप निश्चित नव्हते. कोणत्याही खात्याचा कर्मचारी महाराला कोणत्याही वेळी कामावर बोलावू शकत असे. ज्याची पाळी असेल तो हजर नसल्यास त्याच्या घरातील माणसाला जावे लागे.
* पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन इनाम जमिनीचे तुकडे पडले होते. त्यामुळे एका कुटुंबाच्या वाट्याला येणारे उत्पन्न नाममात्र उरले होते.
* बलुते हा हक्क असला तरी प्रत्यक्षात तो रयतेच्या मर्जीवर अवलंबून होता. महारांनी गावाच्या इच्छेविरुद्ध काही केले, की बलुते बंद करून त्यांची कोंडी करता येत असे.
* काम सरकारचे असले तरी मोबदल्याचा मोठा भार सरकारने रयतेवर टाकला होता.

आंबेडकरांच्या मते वतन ही केवळ आर्थिक बाब नव्हती. तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या आशेने समाज गावाशी बांधला जातो आणि शिक्षण, स्थलांतर व स्वतंत्र व्यवसाय यांचा मार्ग अडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' या आपल्या पाक्षिकातून त्यांनी महारांच्या वतनाची चिकित्सा केली. वतन गेले तर जमीनही जाईल अशी भीती खुद्द महार समाजातही होती. तिचे निरसन करणे हा या लेखनाचा एक हेतू होता.

## १९२८चे विधेयक

### तरतुदी

१८७४च्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी विधान परिषदेत पुरःस्थापित केले. विधेयकाने वतन एका फटक्यात रद्द केले नव्हते, तर त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग खुला केला होता. सेवेतून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या महार वतनदारांना तशी मुक्तता मिळावी आणि पूर्ण शेतसारा भरण्याच्या अटीवर जमीन त्यांच्याकडेच राहावी, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. जे सेवेत राहतील त्यांच्या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि महारांची कर्तव्ये नियमांनी निश्चित करावीत, अशाही तरतुदी होत्या. बलुते सरकारमार्फत मिळू लागले असते, तर महार व रयत यांच्यातील रोजच्या संघर्षाचे एक कारण नाहीसे झाले असते.

### चर्चा आणि परिणती

३ ऑगस्ट १९२८ रोजी विधेयकाच्या प्रथम वाचनाचा प्रस्ताव मांडताना आंबेडकरांनी सविस्तर भाषण केले. विधेयक संमत न झाल्यास महारांचा सार्वत्रिक संप घडवून आणू, असा इशाराही त्यांनी महसूल खात्याला दिला. सरकारनेच नेमलेल्या सदस्याने सरकारच्या एका राखीव खात्याला असे आव्हान देणे ही तेव्हाच्या परिषदेत असामान्य गोष्ट होती.

सरकारपुढील मुख्य अडचण खर्चाची होती. वतनदार महार सेवेतून मुक्त झाले असते, तर त्यांच्या जागी पगारी नोकर नेमणे भाग पडले असते. बलुत्याऐवजी रोख कर द्यावा लागेल म्हणून जमीनधारक वर्गाचे प्रतिनिधीही अनुकूल नव्हते. विधेयक प्रवर समितीकडे गेले. परंतु मूळ हेतू कायम राखून ते संमत होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा आंबेडकरांनी १९२९ मध्ये ते मागे घेतले.

## १९३७ची विधेयके

भारत सरकार कायदा, १९३५ अन्वये प्रांतिक स्वायत्तता आली आणि मुंबई प्रांतात १७५ सदस्यांची विधानसभा निर्माण झाली. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत ते मुंबई शहरातील भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले. काँग्रेसने बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ बनवले आणि महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे आले. आता आंबेडकर विरोधी बाकांवरील एका पक्षाचे नेते होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, विधानसभेच्या पुणे येथील अधिवेशनात, त्यांनी खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. याच काळात त्यांनी महार वतनाचे विधेयकही सुधारित रूपात पुन्हा सभागृहात आणले.

### खोती निर्मूलन विधेयक

खोती ही मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुलाबा (आताचा रायगड) व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत प्रचलित असलेली जमीनधारणा पद्धती होती. खोत हा मुळात गावाचा सारा वसूल करून सरकारला देणारा मध्यस्थ. कालांतराने तो गावाचा मालकच बनला. खोती आकारणी कायदा, १८८० याने त्याचे हक्क मान्य केले. कुळाकडून मक्त्याने, अर्धेलीने (पिकाचा अर्धा हिस्सा) किंवा तिर्धेलीने (तिसरा हिस्सा) उत्पन्न घेतले जाई. त्याखेरीज वेठ आणि निरनिराळ्या सबबींखाली होणारी वसुली वेगळीच. जमीन कसणारी कुळे मुख्यत्वे कुणबी, आगरी, महार आदी समाजांतील होती. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच आहे.

विधेयकात तीन मुख्य गोष्टी होत्या :

* खोती पद्धती रद्द करून सरकार व जमीन कसणारा यांचा प्रत्यक्ष संबंध जोडणे.
* प्रत्यक्ष ताबा असलेल्या कुळांना मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ प्रमाणे कब्जेदाराचा दर्जा देणे.
* हक्क गमावणाऱ्या खोतांना वाजवी नुकसानभरपाई देणे.

नुकसानभरपाईची तरतूद घटनात्मक दृष्ट्याही आवश्यक होती. १९३५च्या कायद्याच्या कलम २९९ नुसार भरपाईची तजवीज केल्याखेरीज सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन घेणारा कायदा प्रांतिक विधिमंडळाला करता येत नव्हता. जमिनीतील हक्क संपुष्टात आणणारे किंवा बदलणारे विधेयक मांडण्यासही गव्हर्नरची पूर्वसंमती लागत असे.

### शेतकरी मोर्चा

विधेयकामागे कोकणातील कुळांचे संघटित आंदोलन उभे होते. कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सावकार-जमीनदारांच्या जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील व अन्य भागांतील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. आंबेडकरांसह इंदुलाल याज्ञिक, श्यामराव परुळेकर प्रभृती नेते त्यात होते. खोती रद्द करावी ही मोर्चाची प्रमुख मागणी होती आणि ती शिष्टमंडळाने मुख्यमंत्री खेर (तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान) यांच्यासमोर मांडली.

### परिणती

खेर मंत्रिमंडळाने खोती विधेयक उचलून धरले नाही. त्याऐवजी सरकारने आपला कुळकायदा आणला. मुंबई कूळकायदा, १९३९ याने १ जानेवारी १९३८ पूर्वी किमान सहा वर्षे जमीन कसणाऱ्यांना 'संरक्षित कूळ' ठरवले. यामुळे कुळाला जमिनीवरून काढणे अवघड झाले, परंतु खोती कायम राहिली. नोव्हेंबर १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर गोवल्याच्या निषेधार्थ, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रांतात गव्हर्नरची राजवट आली आणि विधिमंडळाचे काम थांबले. खोती व वतन ही दोन्ही विधेयके असंमतच राहिली. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली. वतन जमिनींवरील 'जुडी' या आकारातील वाढीला आंबेडकरांनी तेथे विरोध केला.

## नंतरचे कायदे

१९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले. त्याच्या काळात मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ आणि मुंबई खोती निर्मूलन कायदा, १९४९ संमत झाले. दुसऱ्या कायद्याने, मूळ विधेयक मांडल्यानंतर सुमारे बारा वर्षांनी, खोती संपुष्टात आली.

महार वतनाला अधिक काळ लागला. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तेव्हाही ते कायद्याने अस्तित्वात होते. द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा, १९५८ संमत झाला आणि १९५९ पासून अमलात आला. त्याने महारांसह इतर कनिष्ठ ग्रामसेवकांची वंशपरंपरागत सेवा, तिच्याशी निगडित हक्क आणि वतने रद्द केली. पहिले विधेयक सभागृहात आले त्याला तेव्हा तीन दशके झाली होती.

## विधेयक आणि कायदा यांतील भेद

१९५८च्या कायद्याने सेवेची सक्ती पूर्णपणे काढून टाकली. या बाबतीत तो १९२८च्या विधेयकाच्या पुढे गेला, कारण त्या विधेयकात मुक्तता वतनदारांच्या इच्छेवर ठेवलेली होती. जमिनीच्या बाबतीत मात्र फरक उलट दिशेचा आहे. १९२८च्या योजनेत पूर्ण सारा भरू लागताच जमीन धारकाकडे राहणार होती. १९५८च्या कायद्याने वतन जमीन प्रथम शासनाकडे घेतली आणि पूर्ण आकारणीच्या तिप्पट इतके भोगवटा मूल्य विहित मुदतीत भरल्यावर ती मूळ धारकास पुनःप्रदान करण्याची तरतूद केली. मूळ कायद्याने अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करण्यास मनाई केली होती. या निर्बंधाचा उद्देश जमीन दुर्बल धारकांच्या हातून जाऊ नये हा होता. तरीही महार वतनाच्या जमिनींचे पुनःप्रदान व हस्तांतरण यांसंबंधीचे वाद महाराष्ट्रात पुढेही चालू राहिले.

## संक्षेप

* वंशपरंपरागत अधिकारपदे (सुधारणा) विधेयक, १९२८ – विधान परिषद. प्रवर समितीकडे रवाना. १९२९ मध्ये मागे.
* त्याच विषयावरील विधेयक, १९३७ – विधानसभा, असंमत, उद्दिष्ट १९५८च्या कायद्याने साध्य.
* खोती निर्मूलन विधेयक, १९३७ – विधानसभा, असंमत, उद्दिष्ट १९४९च्या कायद्याने साध्य.

## हे सुद्धा पहा

* बलुतेदार
* चरीचा शेतकरी संप
* स्वतंत्र मजूर पक्ष
* मुंबई प्रांत